मुंबईतून एमबीबीएसचा अर्ज: कुठला कागद कधी काढायचा, कुठला फॉर्म कधी भरायचा

घरात कोणी डॉक्टर नाही, नात्यागोत्यात नाही, आणि दहावीचा निकाल लागल्यावर पोरगी म्हणते मला एमबीबीएसच करायचंय, तर पुढे नक्की काय करायचं आणि कधी करायचं, हे अशा घरांसाठी लिहितोय. अभ्यासाबद्दल मी काही सांगणार नाही, ते सांगणारी माणसं वेगळी आहेत. मी लालबाग-परळ पट्ट्यातल्या मुलांचे फॉर्म भरायला, कागद लावायला बरीच वर्षं मदत करतोय, आणि दरवर्षी डोळ्यासमोर हेच होतं की मार्क पुरेसे असतात पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा दाखला, आलेली नसते, नाहीतर नॉन क्रिमीलेअरची, म्हणजे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्याची, मुदत संपलेली असते, आणि मग ज्या सीटवर त्या मुलाचा हक्क होता ती पुढच्याला जाते. फार वाईट वाटतं हो, कारण हे शंभर टक्के टाळता येण्यासारखं असतं. मार्क मुलानेच आणायचेत, कागद मात्र आई, बाबा, काका, मोठी ताई कोणीही आणले तरी चालतात. म्हणून सगळ्यात आधी घरातला एक माणूस या कामाला नेमा, एक फाईल करा, आणि मुलाला त्यातून मोकळं ठेवा.

अर्ज एक नसतो, तीन असतात

बऱ्याच जणांना वाटतं नीटचा फॉर्म भरला की झालं. नाही. नीट ही फक्त परीक्षा, ती एनटीए, म्हणजे परीक्षा घेणारी केंद्राची संस्था, घेते, तिथून तुम्हाला मार्क आणि रँक मिळतो, सीट मिळत नाही. सीटसाठी निकालानंतर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि ते सुद्धा दोन ठिकाणी.

एक म्हणजे एमसीसी, मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, दिल्लीची. देशभरातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांमधल्या १५ टक्के सीट, म्हणजे ऑल इंडिया कोटा, शिवाय एम्स, जिपमर आणि सगळी डीम्ड विद्यापीठं यांच्या सीट एमसीसी भरते. दुसरं म्हणजे आपला महाराष्ट्राचा सीईटी सेल, ज्याचं ऑफिस फोर्टला न्यू एक्सेलसियरच्या बिल्डिंगमध्ये आहे. सरकारी आणि महापालिका कॉलेजांमधल्या उरलेल्या ८५ टक्के सीट आणि राज्यातल्या खाजगी कॉलेजांच्या सीट सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे एकत्रित प्रवेश फेऱ्यांमधून, भरल्या जातात. दोन्हीकडे नाव नोंदवायचं, दोन्हीच्या तारखा वेगळ्या, दोन्हीच्या फी वेगळ्या. इथे मुंबईकर नेहमी एका गोष्टीत फसतात: नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही डीम्ड आहेत, ती एमसीसीत शोधायची, आणि त्याच नेरूळचं तेरणा किंवा सायनजवळचं के. जे. सोमय्या ही खाजगी, ती सीईटी सेलमध्ये. एकाच यादीत सगळी दिसतील असं धरून बसू नका.

अकरावी: सगळ्यात हळू येणारा कागद सगळ्यात आधी

कागद काढायचा क्रम महत्त्वावर ठरवू नका, कुठल्याला किती वेळ लागतो त्यावर ठरवा. उत्पन्नाचा दाखला काही दिवसांत मिळतो, जात पडताळणीला महिने जातात. म्हणून ज्यांना आरक्षणातून अर्ज करायचाय त्यांनी अकरावीला ऍडमिशन घेतल्या घेतल्या कामाला लागायचं.

दोन कागद आहेत, घोळ करू नका. जातीचा दाखला म्हणजे कास्ट सर्टिफिकेट, ते प्रांत अधिकारी किंवा तत्सम सक्षम अधिकारी देतात. जात वैधता म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी, ती जात पडताळणी समिती देते, आणि कॅपमध्ये राखीव सीट घ्यायची तर व्हॅलिडिटी लागतेच. व्हॅलिडिटीचा अर्ज ऑनलाईन भरून ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र लावून करायचा असतो, कॉलेजच्या ऑफिसात विचारा, बहुतेक ठिकाणी एक क्लार्क हेच काम बघत असतो.

आता मुंबईतली खरी अडचण. जातीच्या दाखल्यासाठी एक ठराविक जुनी तारीख असते आणि त्या तारखेच्या आधी तुमचं घराणं कुठे राहत होतं त्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७. समजा तुमचे आजोबा गिरणीत कामाला १९७० नंतर आले, तर १९६७ ला ते रत्नागिरीत नाहीतर साताऱ्यात होते, म्हणजे दाखला तिकडच्या जिल्ह्यातून काढायचा आणि पडताळणी सुद्धा त्याच जिल्ह्याच्या समितीकडे. मुंबईत जन्मलो, मुंबईत वाढलो, रेशनकार्ड मुंबईचं, तरी सुद्धा. हे कळायलाच लोकांचे दोन-तीन महिने जातात, इकडच्या ऑफिसात हेलपाटे मारतात आणि मग कोणीतरी सांगतं की गावाला जा.

तर गावाला जायचंय हे धरूनच चला. आणि गणपतीला नाहीतर मे महिन्यात तसंही जाताच, तर तेव्हा हे काम करा, फक्त सुट्टीचे दिवस सोडून एक-दोन दिवस सरकारी ऑफिस आणि शाळा उघडी असतील असे ठेवा. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, जुना सातबारा किंवा फेरफार, ज्यात जात लिहिलेली आहे असं जे मिळेल ते सगळं काढा. आजोबांची शाळा झाली नसेल तर चुलत आजोबांचं बघा, ते चालतं, पण मग तुमचं आणि त्यांचं नातं दाखवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. आणि घरातल्या कोणाला, काकाला, सख्ख्या चुलत भावाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर त्याची प्रत सगळ्यात आधी मागून घ्या, त्याने काम खूप सोपं होतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तरी यासाठी फोन करा.

ज्यांना आरक्षण नाही त्यांच्यासाठी अकरावीत एवढंच की डोमिसाईल (रहिवासाचा दाखला) आणि खाली सांगितलेली नावांची जुळणी करून ठेवा.

आणि एक फार गंभीर गोष्ट, आरक्षण असो नसो. राज्याच्या ८५ टक्क्यांत यायचं तर साधारण नियम असा की मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी पाहिजे आणि दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेला पाहिजे. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, सीमाभागातली मुलं अशांना सवलती आहेत, पण तुम्ही त्यात नसाल तर हा नियम डोक्यात पक्का ठेवा. राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा दुसऱ्या राज्यात क्लाससाठी पाठवताना तिकडच्याच शाळेत बारावीचं नाव घातलं की महाराष्ट्राचा कोटा हातचा जातो, आणि केईएम, सायन, नायर यांच्या बहुतेक सीट त्याच कोट्यात आहेत. क्लासच्या ऍडमिशन काउंटरवर हे कोणी आपणहून सांगेल असं धरू नका.

बारावीचं वर्ष, दिवाळीच्या आत

नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधार कार्डवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे आहे कुठे नाही, कुठे आईचं नाव सुनिता कुठे सुनीता. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि जन्मतारीख हीच खरी धरायची आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर सुद्धा सोडू नका. आणि चूक बोर्डाच्याच सर्टिफिकेटवर असेल तर शाळेमार्फत बोर्डाच्या वाशीच्या विभागीय ऑफिसात जावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या आत म्हणतोय.

डोमिसाईल. याचं पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, आपले सरकारच्या पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. उपनगरात राहत असाल तर तुमचा तालुका अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला यातला एक असतो, तिथलं तहसील. शहरात राहत असाल, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत, तर काम मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांकडे, फोर्टच्या ओल्ड कस्टम हाऊसला. मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लाईट बिल, वडिलांचा राहण्याचा पुरावा असं सगळं स्कॅन करून ठेवा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली असेल आणि सध्या भाड्याने राहत असाल तर जुन्या पत्त्याचे कागद टाकून देऊ नका, तेच सलग राहिल्याचा पुरावा असतात.

वय. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाची १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत. वरची मर्यादा नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, आणि इंग्रजी पास. क्लासच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

नीटचा फॉर्म

२०२५ ला नीटचा फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होता आणि बारावीची बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून सुरू झाली. म्हणजे ज्या दिवसांत मुलगा फिजिक्सच्या पेपरला बसलेला असतो त्याच दिवसांत हा फॉर्म भरायचा असतो. म्हणूनच म्हटलं की घरातला दुसरा माणूस नेमा. फॉर्म उघडल्यावर पहिल्या आठवड्यात भरून मोकळे व्हा, शेवटच्या रात्री साईट रडते, पेमेंट अडकतं, ओटीपी येत नाही.

सायबर कॅफेत भरलात तरी चालेल, पण मोबाईल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला आणि कौन्सेलिंगच्या, म्हणजे सीट वाटपाच्या, वेळी पासवर्ड सापडत नाही, असं दर सीझनला एक तरी घर येतं. नंबर असा द्या जो पुढचं वर्षभर बंद पडणार नाही, रिचार्ज संपणार नाही. ऍप्लिकेशन नंबर आणि पासवर्ड कागदावर लिहून फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवा.

फोटो आधीच काढून ठेवा. पासपोर्ट साईज आणि पोस्टकार्ड साईज, म्हणजे ४ बाय ६ इंच, दोन्ही पांढऱ्या बॅकग्राउंडवर, चेहरा मोठा आणि कान दिसतील असा. एकाच सिटिंगमध्ये दोन्ही साईज काढून घ्या आणि जास्तीच्या प्रती मारून ठेवा कारण परीक्षेच्या दिवशी आणि ऍडमिशनच्या वेळी तोच फोटो लागतो. सही आणि दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे कोऱ्या पांढऱ्या कागदावर घेऊन स्कॅन करायचे. फाईलची साईज किती केबी ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं, त्याप्रमाणे करा. फी २०२५ ला खुल्या गटाला १७०० रुपये, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि ओबीसीला १६००, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १००० होती.

पेपर १३ भाषांत येतो, मराठी त्यात आहे आणि मराठीचा पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरवर मिळतो. माझं मत विचाराल तर बारावीची पुस्तकं ज्या भाषेत वाचली तीच भाषा घ्या, बाकी कशाचा विचार करू नका.

आता कॅटेगरी, इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. नीटच्या फॉर्ममध्ये केंद्राची यादी चालते, राज्याची नाही. राज्यात जो वंजारी मुलगा एनटी-डी (भटक्या जमातींचा एक गट) आहे किंवा धनगर मुलगा एनटी-सी आहे तो केंद्राच्या यादीत ओबीसी आहे, तर नीटला त्याने ओबीसी-एनसीएल, म्हणजे नॉन क्रिमीलेअर ओबीसी, टाकायचं, एनटीचा पर्याय शोधत बसायचं नाही. मराठा मुलांना राज्यात २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं, १० टक्के आरक्षण आहे, पण केंद्रात तशी कॅटेगरीच नाही, तर नीटच्या फॉर्ममध्ये जनरल, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस. कुणबी दाखला असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे. स्वतःची जात केंद्राच्या यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या वेबसाईटवर महाराष्ट्र निवडून बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, शेजाऱ्याला विचारून भरू नका. नंतर सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये राज्याची कॅटेगरी वेगळी विचारतात, तिथे एनटी-डी, एसईबीसी जे असेल ते टाकायचं. म्हणजे एकाच मुलाची दोन फॉर्ममध्ये दोन वेगळी कॅटेगरी असू शकते आणि ते बरोबरच आहे.

फॉर्म भरल्यावर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते, पण सगळ्याच गोष्टी त्यात बदलता येत नाहीत. सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यूची प्रिंट काढा आणि दुसऱ्या माणसाला दहावीचं सर्टिफिकेट हातात देऊन मोठ्याने वाचायला लावा.

परीक्षेचं शहर निवडताना मुंबई, नवी मुंबई, ठाणे असे वेगळे पर्याय येतात. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी ठाणे आधी टाकावं, पनवेल-खारघरवाल्यांनी नवी मुंबई.

१ एप्रिलनंतर

नवीन आर्थिक वर्ष सुरू झालं की तीन कागद ताजे काढायचे: उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि ज्यांना लागू आहे त्यांना ईडब्ल्यूएस. मागच्या वर्षीचं ईडब्ल्यूएस चालत नाही. नॉन क्रिमीलेअर राज्याच्या ऍडमिशनसाठी पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, तुमच्याकडे आधीचं तीन वर्षांचं असेल तर त्यावरची तारीख बघा. ओबीसींनी लक्षात ठेवा, ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं ओबीसी-एनसीएल लागतं आणि राज्यासाठी राज्याच्या नमुन्यातलं, म्हणजे दोन काढायची. ईडब्ल्यूएसचं पण तसंच. अर्ज करताना सेतूमधल्या माणसाला स्पष्ट सांगा कुठला नमुना हवाय. जून उजाडला की दहावी-बारावीची सगळी गर्दी एकदम तिथे येते आणि सर्व्हरची बोंब होते, त्यामुळे एप्रिलमध्येच.

दिव्यांग मुलांना नेहमीचं हॉस्पिटलचं सर्टिफिकेट पुरत नाही, कौन्सेलिंगसाठी ठरवून दिलेल्या केंद्रातूनच तपासणी करून घ्यावी लागते. मुंबईत हाजी अलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थान आणि जेजे ही अशी केंद्रं आहेत. अपॉइंटमेंट निकालाच्या आसपासच घेऊन ठेवा.

परीक्षेचा रविवार

२०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. दुपारी २ ला पेपर, दीडला गेट बंद, आणि बंद म्हणजे बंद. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. आदल्या दिवशी मध्य, हार्बर, पश्चिम तिन्हीचा ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते बघा आणि जमलं तर शनिवारीच सेंटर बघून या, कारण एकाच नावाच्या दोन शाळा आणि दोन शाखा मुंबईत भरपूर. ऍडमिट कार्डसोबत जो नमुना येतो त्यावर पोस्टकार्ड फोटो घरीच चिकटवून न्या, ओळखपत्र ओरिजिनल, साधे अर्ध्या बाह्यांचे कपडे, चपला. पेन तिथेच देतात.

निकाल लागला, आता खरी धावपळ

१८० प्रश्न, ७२० मार्क. २०२५ चा निकाल १४ जूनला लागला आणि कौन्सेलिंग जुलैच्या उत्तरार्धात सुरू झालं. २०२४ ला निकाल ४ जूनला लागला, पण पेपरफुटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एमसीसीची पहिली फेरी ऑगस्टवर गेली. कोविडमध्ये तर २०२० आणि २०२१ ला परीक्षाच सप्टेंबरमध्ये झाल्या. तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखा अंदाजासाठी ठीक, पण रोज सकाळ-संध्याकाळ एमसीसी आणि सीईटी सेल दोन्हीच्या नोटीस बघणं हे नेमलेल्या माणसाचं काम. व्हॉट्सऍपवर फिरणाऱ्या तारखांवर जाऊ नका, मूळ नोटीस पीडीएफ उघडून वाचा.

निकालाच्या आठवड्यात खुल्या गटातल्या घरांनी सुद्धा हे करा: नीटचं ऍडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड डाउनलोड, दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, बारावीचं मार्कशीट, लीव्हिंग, डोमिसाईल, आधार, सीईटी सेलच्या नमुन्यात डॉक्टरकडून घेतलेलं फिटनेस सर्टिफिकेट, सीबीएसई किंवा आयएससीवाल्यांना बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, ज्यांनी एक वर्ष ड्रॉप घेतला त्यांना गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळ्याच्या ओरिजिनल एका फोल्डरमध्ये, तीन-तीन झेरॉक्स सेट दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि सरळ, न कापलेले, वाचता येणारे स्कॅन मोबाईल आणि ईमेल दोन्हीकडे. मोबाईलने तिरका काढलेला फोटो अपलोड केला की ऑनलाईन पडताळणीत त्रुटी निघते आणि ती दुरुस्त करायला दोन दिवस मिळतात.

पैशाची तयारी पण आत्ताच. एमसीसीत ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या गटाला १००० रुपये फी आणि १०,००० डिपॉझिट, राखीव गटांना ५०० आणि ५,०००. डीम्डसाठी ५,००० फी आणि २ लाख डिपॉझिट. डिपॉझिट नियमात राहिलात तर परत मिळतं, आणि ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात येतं, म्हणून दुसऱ्याच्या कार्डवरून भरू नका.

सीईटी सेलचा फॉर्म भरताना एक सल्ला: एमबीबीएससोबत बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी या सगळ्यांसाठी नीटचाच स्कोअर चालतो, तर नोंदणी करतानाच हे पर्याय उघडे ठेवा. मुंबईत नायर डेंटल आहे, सरकारी डेंटल सीएसटीजवळ आहे, वरळीला पोदार आयुर्वेद आहे. नंतर मन बदललं आणि नोंदणीच नसेल तर दार बंद. नको असेल तर पुढे प्रेफरन्स, म्हणजे पसंतीच्या यादीत ती कॉलेजं, भरू नका, एवढंच.

प्रेफरन्स भरताना

हा भाग सगळ्यांनी एकत्र बसून करायचा, आणि मुलगा यात हवाच.

नियम एकच: जे सगळ्यात जास्त हवंय ते वर. मिळेल का नाही याचा विचार यादीचा क्रम लावताना करायचा नाही. कॉम्प्युटर रँकच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जाताना जी पहिली सीट शिल्लक दिसते ती देतो. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं कॉलेज हातून जात नाही. लोक घाबरून केईएम टाकतच नाहीत आणि मग आपल्यापेक्षा मागच्या रँकच्या मुलाला ते मिळालेलं बघतात. उलट जिथे खरंच जायचं नाही, फी झेपणार नाही, ते कॉलेज यादीत नको, कारण मिळालं आणि गेला नाहीत तर त्या फेरीच्या नियमाप्रमाणे डिपॉझिट किंवा पुढच्या फेऱ्या जाऊ शकतात.

मुंबईतली सरकारी आणि पालिकेची नावं नवख्यांसाठी सांगतो. भायखळ्याचं ग्रँट, म्हणजे जेजे, १८४५ चं. परळचं सेठ जी. एस., म्हणजे केईएम, १९२६ पासून. मुंबई सेंट्रलचं टोपीवाला, म्हणजे नायर. सायनचं लोकमान्य टिळक. जुहूचं कूपरचं एचबीटी, २०१५ ला सुरू झालेलं. आणि २०२४ ला जीटी आणि कामा या हॉस्पिटलांना जोडून नवीन सरकारी कॉलेज ५० सीटचं. कळव्याचं राजीव गांधी ठाणे महापालिकेचं. फॉर्मच्या यादीत कॉलेजचं नाव शोधताना हॉस्पिटलच्या नावाने शोधू नका, केईएम लिहून सापडणार नाही.

पण मुंबईतच राहायचं या हट्टापायी यादी सात-आठ नावांवर संपवू नका. पूर्वी ७०:३० चा नियम होता, आपल्या विभागातल्या मुलांना ७० टक्के, तो २०२० ला रद्द झाला. आता नांदेडचा मुलगा केईएमला येतो आणि परळचा मुलगा नांदेडला जातो, सगळं राज्य एकच. जुने नातेवाईक अजून त्या हिशोबाने सल्ला देतात. मिरज, सोलापूर, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ही जुनी भरपूर पेशंट असलेली कॉलेजं आहेत, तिथे हाताखालून जेवढं शिकायला मिळतं ते बघता मी मुंबईतल्या महागड्या सीटपेक्षा ती नेहमी वर लावायला सांगतो.

सरकारी कॉलेजचा बाँड पण माहीत असू द्या: एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा. माझ्या मते सेवा करावी, त्यात नुकसान काहीच नाही.

मिळालं, मग?

अलॉटमेंट लेटर डाउनलोड करा, दिलेल्या तारखेच्या आत ओरिजिनल घेऊन कॉलेजला हजर राहा. कॉलेज ओरिजिनल ठेवून घेतं. म्हणून ऑल इंडियातून आधी एक सीट मिळाली आणि राज्याच्या फेरीची वाट पण बघायचीय, तर पहिल्या सीटवरून बाहेर पडायची शेवटची तारीख आणि कागद परत मिळायला लागणारा वेळ दोन्ही जुळतायत का ते आधी बघा. एमसीसीत पहिल्या फेरीत सीट सोडली तर डिपॉझिट जात नाही, दुसऱ्या फेरीपासून जातं. आणि सगळ्यात शेवटच्या स्ट्रे फेरीत, म्हणजे उरलेल्या सीटच्या फेरीत, मिळालेली सीट घेतली नाही तर पुढच्या वर्षी नीटला बसायची सुद्धा बंदी येते, तिथे गंमत म्हणून प्रेफरन्स भरू नका. राज्याच्या फेरीत मिळालेली सीट कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून द्यायचा, तो दिला की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. देताना मुलाने आणि पालकाने दोघांनी वाचून सही करा, ऑफिसात रांगेत पुढे ढकलतायत म्हणून नको.

या दिवसांत फोन सुरू होतात, मॅनेजमेंटची सीट करून देतो, नागपूरला एक सीट राहिलीय, आज टोकन द्या. एक रुपया देऊ नका. खाजगी कॉलेजची १५ टक्के इन्स्टिट्यूशनल कोट्याची सीट सुद्धा नीटच्या रँकवर आणि सीईटी सेलमार्फतच जाते, एजंटच्या हातात काहीही नसतं. घाबरलेल्या आई-बापाला लुबाडायचा हा धंदा आहे आणि मला त्याची चीड येते.

प्रवेश पक्का झाल्यावर त्याच आठवड्यात महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, स्कॉलरशिप आणि फी सवलतीचा अर्ज भरायला घ्या. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कॅप अलॉटमेंट लेटर, बँक खात्याला आधार जोडलेलं, हे त्याला लागतं आणि ते सगळं आता फाईलमध्ये आहेच. मुलींच्या फी माफीचा २०२४ चा शासन निर्णय आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींसाठी, तर कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमध्ये त्याचा अर्ज मागून घ्या. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा असतो, तो पण त्याच दिवशी मागा, बदलापूर-विरारवरून रोज येणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी ऍनाटॉमीच्या अभ्यासासोबत चार तासांचा प्रवास झेपत नाही.